पत्र्यावर पाऊस, वर्गात इंग्रजी: दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांना गोंगाटात कमी का समजतं?

'ओपन पेज फिफ्टीन' असं बाईंनी सांगितलं. बाहेर पाऊस कोसळत होता. माझ्या भाचीने पान ५० उघडलं आणि तिथलं चित्र बघत बसली. बाई जवळ आल्या तेव्हा वर्ग धड्याच्या मध्यावर पोचला होता. संध्याकाळी वहीत शेरा आला: लक्ष देत नाही.

घरी विचारलं तर ती म्हणाली, "बाईंनी काय सांगल्यानी ता माका आयकाकच येवक नाय." त्यावर आजीचा प्रश्न ठरलेला, "कान खंय होते तुझे?"

कान जागेवरच होते. डॉक्टरांकडे तपासूनही झाले, एकदम ठणठणीत. घरी मालवणी, टीव्हीवर हिंदी, अंगणातल्या मित्रमैत्रिणींशी मालवणी-मराठीची भेळ आणि शाळेत इंग्रजी. कणकवलीत असं वाढणारी ती काही एकटी नाही. गंमत म्हणजे हीच मुलगी शांत खोलीत इंग्रजी गोष्ट ऐकवली तर नीट समजून घेते, प्रश्नांची उत्तरंही देते. मग शाळेत काय होतं?

या प्रश्नावर जगात बराच अभ्यास झालाय आणि त्यातून निघालेली गोष्ट पालक-शिक्षकांना माहीत असायला हवी. दुसऱ्या भाषेतलं बोलणं शांततेत समजणं आणि तेच बोलणं गोंगाटात समजणं, या दोन वेगवेगळ्या क्षमता आहेत. पहिली आली म्हणजे दुसरी आपोआप येते असं नाही.

आपण नुसत्या कानाने ऐकत नाही

आधी एक साधा प्रयोग करून बघा. मिक्सर चालू असताना कुणीतरी तुम्हाला म्हणालं, "चहात सा... घातलीस का?" मधला शब्द मिक्सरने खाल्ला. तरी तुम्ही 'हो, दोन चमचे' असं उत्तर देता. 'साखर' हा शब्द तुम्ही ऐकलाच नाही, तो तुमच्या मेंदूने भरला. चहा आहे, घालायची वस्तू आहे, 'सा'ने सुरू होते, 'घातलीस' म्हणजे स्त्रीलिंगी आहे. एवढ्या खुणा पुरेशा झाल्या.

गाळलेल्या जागा भरण्याचं हे काम आपण दिवसभर करतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. मातृभाषेत ते फुकटात होतं, कारण त्या भाषेत पुढे काय येऊ शकतं याचा अंदाज वर्षानुवर्षांच्या सवयीने तयार असतो.

याचं आपल्याकडचं उत्तम उदाहरण म्हणजे जत्रेतला दशावतार. रात्रीचे दोन वाजलेत, पायपेटी आणि झांज जोरात आहे, मागे खाजं विकणारे ओरडतायत, जनरेटर धडधडतोय. त्यात संवाद आयत्या वेळचे, म्हणजे कुणीही ते आधी ऐकलेले नाहीत. तरी मागच्या रांगेतली आजी बरोबर जागी हसते. तिला गोष्ट माहीत आहे, भाषा माहीत आहे आणि राजा चिडल्यावर कुठल्या सुरात बोलतो तेही माहीत आहे. अर्ध्या वाक्यावर तिचं काम भागतं. आता पुस्तकातून मराठी शिकलेला एखादा परप्रांतीय पाहुणा तिच्या शेजारी बसवा. पेपर तो फाडफाड वाचेल, पण इथे चाचपडेल. त्याला प्रत्येक शब्द पूर्ण ऐकू यावा लागतो.

वर्गातलं मूल इंग्रजीच्या तासाला त्या पाहुण्यासारखं असतं.

'वेस्ट' म्हणजे नक्की काय?

दुसरी अडचण ध्वनींची. पश्चिम दिशेला इंग्रजीत जो शब्द आहे, कचऱ्याला जो आहे, कमरेला जो आहे आणि बनियनला जो आहे, ते चारही आपण देवनागरीत 'वेस्ट' असेच लिहितो आणि बरेचदा बोलतोही तसेच. इंग्रजी मातृभाषा असलेल्याला यातले बहुतेक शब्द वेगळे ऐकू येतात, कारण 'व'चे दोन उच्चार आणि 'ए'चे दोन उच्चार त्याच्या कानात लहानपणापासून वेगळे बसलेत. आपला 'व' एकच. शांत वर्गात याने फारसं अडत नाही, बाकीचं वाक्य शब्द ओळखून देतं. गोंगाटात बाकीचं वाक्यही फाटकं पोचतं आणि मग चारपैकी कुठला 'वेस्ट' हे मुलाला ठरवावं लागतं.

'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी'चं तेच. फरक आहे तो शेवटच्या 'न'चा आणि जोर कुठल्या अक्षरावर पडतो त्याचा. पाऊस नेमकं हेच गिळतो. मराठीत पंधरा आणि पन्नास यांची गल्लत सहसा होणार नाही. (मराठीतही सगळं आलबेल आहे असं नाही. एकोणसाठ आणि एकोणसत्तर पावसात सांगून बघा.)

बोलण्यातले स्वर दणकट असतात आणि व्यंजनं नाजूक. स, फ, थ यांसारख्या ध्वनींत ऊर्जा कमी असते, पण शब्दाचा अर्थ ठरवण्यात त्यांचा वाटा मोठा असतो. गोंगाट आधी त्यांच्यावर चालून जातो.

तिसरी गोष्ट जराशी आतली. दोन भाषा येणाऱ्याच्या डोक्यात ऐकताना दोन्ही भाषा थोड्याफार जाग्या असतात. अर्धा शब्द कानावर पडला की दोन्हीकडचे उमेदवार पुढे येतात. त्यातून एक निवडायचा, दुसरा मागे सारायचा, तोवर बाई पुढच्या वाक्यावर. हे सगळं क्षणाच्या काही भागात घडतं, पण ४० मिनिटांच्या तासात ते शेकडो वेळा घडतं. शेवटच्या तासाला मूल पेंगतं ते काही दरवेळी डबा जास्त खाल्ल्यामुळे नाही.

अभ्यास काय सांगतात?

१९९७ साली मेयो, फ्लोरेन्टिन आणि बूस या संशोधकांनी अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध केला. मेक्सिकन स्पॅनिश मातृभाषा असलेल्या मोठ्या माणसांना त्यांनी गोंगाटात इंग्रजी वाक्यं ऐकवली. काहीजण अगदी लहानपणी इंग्रजी शिकले होते, काही चौदाव्या वर्षानंतर. उशिरा शिकलेल्यांना गोंगाट कमी सहन झाला आणि वाक्याच्या संदर्भावरून शेवटचा शब्द ओळखण्याचा फायदाही त्यांना कमी मिळाला. पण जे लहानपणापासून दोन्ही भाषा बोलत होते, तेही एकभाषिकांच्या किंचित मागेच राहिले.

२००६ साली रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी आणखी कडक निकष लावला. सहा वर्षांच्या आत इंग्रजी शिकलेले आणि ज्यांच्या बोलण्यात परका हेल अजिबात जाणवत नाही असेच स्पॅनिश-इंग्रजी लोक त्यांनी निवडले. शांततेत दोन्ही गट बरोबरीचे ठरले. गोंगाट आणि खोलीचं घुमणं वाढवलं की द्विभाषिकांचा गट जास्त घसरला. म्हणजे बोलण्यावरून तुम्हाला कळणारही नाही की या माणसाला ऐकताना जास्त कष्ट पडतायत.

मुलांवरचे अभ्यास आपल्या जास्त कामाचे. क्रॅन्डेल आणि स्मॅल्डिनो यांनी १९९६ साली इंग्रजी मातृभाषा असलेली आणि इंग्रजी दुसरी भाषा असलेली शाळकरी मुलं तपासली. गोंगाट कमी असताना दोघांत फार फरक नव्हता, तो वाढत गेला तसं अंतर रुंदावलं. २००५ साली नेल्सन, कोनर्ट आणि सहकाऱ्यांनी दुसरीच्या मुलांवर केलेल्या अभ्यासाच्या शीर्षकातच प्रश्न विचारला होता, हा दुहेरी फटका तर नाही ना? उत्तर बरंचसं 'हो' असं आलं. त्यांनी वापरलेला गोंगाट काही भयंकर नव्हता. शिक्षकाचा आवाज गोंगाटापेक्षा १० डेसिबलने वर होता. कोसळत्या पावसातल्या वर्गाला हे ऐकून हेवा वाटेल.

मुलं, त्यात दुसरी भाषा, त्यात गोंगाट, असा हा हिशेब आहे. कारण मुळात लहान मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त शांतता लागते. आजूबाजूच्या बोलण्यातून हवं ते बोलणं वेगळं काढायची क्षमता पौगंडावस्थेपर्यंत पिकत राहते. आपल्याला 'एवढंसं' वाटणारं बॅकग्राउंड आठ वर्षांच्या मुलाला एवढंसं नसतं.

मग दोन भाषा नकोत का?

हा निष्कर्ष काढून कुणी व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करण्याआधी थांबा.

अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात नीना क्राउस यांच्या प्रयोगशाळेने २०१२ साली किशोरवयीन मुलांच्या मेंदूतल्या श्रवणमार्गाचे विद्युत संकेत मोजले. अनेक माणसांच्या बडबडीत 'दा' हा ध्वनी ऐकवला तेव्हा द्विभाषिक मुलांच्या मेंदूने तो जास्त ठळकपणे टिपला. त्याच गटाच्या २०१७ सालच्या अभ्यासात चित्र आणखी स्पष्ट झालं. गोंगाटात साधा सूर ओळखण्यात द्विभाषिक पुढे, सुटे शब्द ओळखण्यात बरोबरीने आणि पूर्ण वाक्यं ओळखण्यात मागे.

वाचायला विचित्र वाटतं, पण अर्थ सरळ आहे. त्यांचे कान उणे नाहीत, उलट जास्त तयार आहेत. कमी पडतो तो त्या एका भाषेचा साठा, ज्यावरून वाक्यातल्या गाळलेल्या जागा भरायच्या. जागे असण्याचे तास दोन-तीन भाषांत वाटले गेले की प्रत्येकीच्या वाट्याला कमीच येणार. म्हणून उपाय घरची भाषा बंद करणं हा नाही. मालवणी बंद केल्याने पत्र्यावरचा पाऊस काही थांबत नाही.

आणखी एक. मालवणी ही मराठीची बोली की कोकणीची, हा वाद तज्ज्ञ घालोत. मुलाच्या कानाला त्याने फरक पडत नाही. घरी 'मी जेवक नाय' म्हणणाऱ्या मुलासाठी 'मी जेवलो नाही' हीसुद्धा शिकावी लागणारी गोष्ट आहे, फक्त जवळची. मराठी शाळेतल्या पहिलीच्या मुलाला ही छोटी पायरी चढायची असते. चिरेखाणीवर कामाला आलेल्या, घरी कन्नड किंवा हिंदी बोलणाऱ्या कुटुंबातल्या मुलासाठी तीच पायरी बरीच उंच असते. आणि सेमी-इंग्लिशमध्ये गणित-विज्ञान इंग्रजीत सुरू झालं की त्यावर आणखी एक पायरी. शिवाय गणितात एक 'नॉट' ऐकायचा राहिला तर अख्खं उदाहरण उलटं होतं.

वर्ग किती शांत हवा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार शिकवणं चालू असताना वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलच्या वर नसावा आणि खोलीचं घुमणं साधारण ०.६ सेकंदांत विरावं. अमेरिकेतल्या वर्गांसाठीच्या ध्वनी-मानकातही साध्या आकाराच्या वर्गाला हेच आकडे आहेत. शिक्षकाचा आवाज गोंगाटापेक्षा किमान १५ डेसिबलने वर असावा, असं श्रवणतज्ज्ञ सांगतात. भरलेल्या वर्गांत मोजलं तर हे अंतर अनेकदा पाचच्याही खाली सापडतं.

आपल्याकडे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. शाळेभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो आणि तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल. खिडकी थोडी उघडी असेल तर बाहेरचा आवाज आत येताना साधारण १५ डेसिबलने उतरतो. ५० मधून १५ गेले, उरले ३५. म्हणजे हा नियम खरंच पाळला गेला तर वर्गाला हवी तेवढी शांतता मिळेल. कणकवली शहराच्या मधोमध मुंबई-गोवा महामार्ग जातो. उड्डाणपूल झाल्यावर वरची वाहतूक वर गेली, पण खालच्या रस्त्यावरचे हॉर्न काही कमी झालेत असं इथे राहणारा कुणी म्हणणार नाही.

पण आपला मुख्य खलनायक पाऊस. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. शाळा सुरू होतात जूनच्या मध्याला. म्हणजे पहिलीत नवीन बसलेलं मूल, नवीन बाई, नवीन भाषा आणि वर्षातला सगळ्यात मोठा गोंगाट, हे सगळं एकाच आठवड्यात येतं. जुन्या कौलांखाली आवाज दबका असायचा. कौलं दरवर्षी शाकारायचा खर्च आणि माकडांचा त्रास यामुळे पत्रे आले, त्याला कुणाचा इलाज नव्हता. पण पातळ पत्रा म्हणजे प्रत्येक थेंबाला वाजणारा ढोल. छपरावरच्या पावसाचा आवाज प्रयोगशाळेत मोजायला आंतरराष्ट्रीय मानकसुद्धा आहे. त्यात 'जोरदार' पाऊस म्हणजे ताशी ४० मिलिमीटर धरलाय. आपल्याकडे जुलैत त्या वेगाची सर येते तेव्हा कुणी त्याची बातमीही करत नाही.

अशा वेळी शिक्षक आवाज चढवतात. ते आपोआप घडतं, फ्रेंच डॉक्टर लॉम्बार यांनी १९११ सालीच ते नोंदवलंय. अडचण अशी की ओरडताना स्वर मोठे होतात, व्यंजनं त्या मानाने होत नाहीत. आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. त्यात मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. एक मीटरवर ६० असलेला आवाज चार मीटरवर ४८. वर्गात भिंतींमुळे थोडी भर पडते, पण ती भर घुमलेल्या आवाजाची, म्हणजे शब्दावर शब्द चढवणारी.

इथे छोट्या जिल्हा परिषद शाळांच्या बाजूने एक गोष्ट बोलायला हवी. पट कमी म्हणून त्यांना नावं ठेवली जातात. पण बारा मुलं गोल करून बसली आणि बाई दीड मीटरवर असल्या, तर ऐकण्याच्या दृष्टीने तो वर्ग साठ मुलांच्या चकाचक शाळेपेक्षा सरस आहे. एकाच खोलीत दोन इयत्ता असतील तर मात्र हा फायदा जातो, कारण शेजारच्या इयत्तेचं कळणारं बोलणं पंख्याच्या घरघरीपेक्षा जास्त छळतं.

करता काय येईल?

सगळ्यात स्वस्त उपाय खडू. पान नंबर, धड्याचं नाव, आजचे पाच नवीन शब्द आधी फळ्यावर. विषय कळला की मेंदूला अंदाज बांधायला जागा मिळते. ॲन ब्रॅडलो आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासांतून एक बारकावा पुढे आलाय. नुसतं स्पष्ट बोलण्याचा फायदा दुसऱ्या भाषेच्या श्रोत्यांना मातृभाषिकांपेक्षा कमी मिळतो. संदर्भाचा फायदा त्यांना मिळतो, पण बोलणं स्पष्ट असेल तरच. म्हणजे दोन्ही हवं. सावकाश, तुटक न करता बोलायचं आणि कशाबद्दल बोलतोय ते आधी सांगायचं.

फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही. बोलणाऱ्याचा चेहरा दिसला की गोंगाटात शब्द जास्त कळतात, हे १९५४ सालीच प्रयोगाने दाखवून झालंय. आपण सगळेच थोडंफार ओठ वाचतो. आणि जोराची सर आली की श्रुतलेखन थांबवून सरळ लेखी काम द्यायचं. दहा मिनिटांनी सर ओसरते. पावसाशी आवाजाची स्पर्धा करून घसा बसण्यापलीकडे हाती काही लागत नाही.

नवीन भाषेचं मूल मागच्या बाकावर नको. बाकांच्या पायांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बसवले तर घासण्याचा आवाज जातो. पत्र्याखाली ध्वनी शोषणारं छत हा खर्चिक उपाय, पण शाळेच्या इमारतीला निधी मिळतो तेव्हा रंगरंगोटीच्या आधी त्याचा विचार व्हावा असं माझं मत आहे.

याने खरंच फरक पडतो का? न्यूयॉर्कमधल्या एका शाळेच्या अगदी बाजूने उन्नत रेल्वे जायची. मानसशास्त्रज्ञ आर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी १९७५ साली दाखवलं की रुळांच्या बाजूच्या वर्गांतली मुलं वाचनात शांत बाजूच्या मुलांच्या मागे होती. पुढे रुळांखाली रबर आलं, वर्गांत आवाज शोषणारी छतं बसली. १९८१ सालच्या पुढच्या अभ्यासात तो फरक दिसेनासा झाला होता. तीच शाळा, तीच रेल्वे. ती मुलं दुसऱ्या भाषेत शिकतात म्हणून निवडलेली नव्हती, हेही लक्षात घ्या. दुसऱ्या भाषेत शिकणाऱ्यांसाठी फटका याहून मोठाच असणार.

घरी कसं ओळखायचं?

मुलाला इयत्तेला शोभतील अशी दहा सोपी इंग्रजी वाक्यं शांत खोलीत एकेक करून वाचून दाखवा आणि ऐकलं ते परत म्हणायला सांगा. मग वेगळी दहा वाक्यं, त्याच अंतरावरून, नळाखाली बादली लावून. नंतर दोन्ही वेळा घरच्या भाषेत. ही वैद्यकीय चाचणी नव्हे, पण कल कळतो. घरच्या भाषेत दोन्हीकडे ठीक, इंग्रजी फक्त गोंगाटात ढासळलं, तर वर सांगितलेलंच घडतंय. शाळेत जाऊन शांतपणे बोला, पुढचा बाक मागा.

घरच्या भाषेतलं बोलणं शांत खोलीतही चुकत असेल, मूल टीव्ही मोठा करत असेल, सारखं 'काय?' विचारत असेल, तर विषय वेगळा आहे. पावसाळ्यात सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठणं मुलांत नेहमीचं आहे आणि त्याने ऐकू कमी येतं. तेव्हा कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठायचे. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाड्यांत येणाऱ्या पथकाच्या तपासणीत श्रवणदोषाचाही समावेश आहे. पथक आलं की सांगा.

भाचीची परीक्षा आम्ही पडवीत घेतली, पागोळ्या धो धो पडत असताना. मालवणी वाक्यं सगळी बरोबर. मराठीतलं एखादं गेलं. इंग्रजी निम्मीच आली, आणि तीच खोलीत आत आल्यावर जवळजवळ सगळी. आजीनेही मग हौसेने परीक्षा द्यायची म्हटलं. तिला मी हिंदी बातम्या वाचून दाखवल्या.